बारस सुटल्यावर

आषाढ शुद्ध द्वादशीला पंढरपुरात दिवस उजाडण्याआधीच चुली पेटलेल्या असतात. मठांत, धर्मशाळांत, वाड्यांच्या सोप्यांत, शाळांच्या आवारांत आणि नदीपलीकडच्या पासष्ट एकरांवरच्या तंबूंत एकादशीचा उपवास सोडण्याची तयारी चाललेली असते. वरण-भात, एखादी भाजी, ऐपत असेल तिथे पुरण. नैवेद्य दाखवून होतो, पंगत बसते, बारस सुटते. उष्टी पत्रावळ उचलायच्या आत कोणीतरी पथारी गुंडाळायला घेतो. अडीच-तीन आठवडे चालून आलेल्या माणसांचे पंढरपुरातले काम बहुतेक झालेले असते. आता त्यांना घरी जायचे असते, किंवा घरी जाण्याआधी आणखी कुठेतरी.

वारीच्या जाण्याबद्दल मराठीत उदंड लिहिले गेले आहे. देहू-आळंदीचे प्रस्थान, दिवेघाट, बेलवाडीचे किंवा सदाशिवनगरचे रिंगण, वाखरीला एकत्र येणाऱ्या पालख्या आणि एकादशीच्या पहाटेची शासकीय महापूजा ही सगळी दृश्ये घरबसल्या दिसतात. महापूजा आटोपली की चित्रीकरणाच्या गाड्या पुण्या-मुंबईकडे वळतात. त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत लाखो माणसे एका तालुक्याच्या गावातून बाहेर कशी पडतात, कोणत्या गाडीत बसतात आणि मध्येच कोणाच्या दारात उतरतात याची दखल फारशी घेतली जात नाही. खरे पाहता वारी आणि संसार यांची गाठ पडते ती याच दिवसांत.

कोण कधी निघतो

पंढरपूर सोडण्याचे तीन मुहूर्त आहेत. पहिला एकादशीच्या संध्याकाळचा. चंद्रभागेत स्नान, पुंडलिकाचे दर्शन, नगरप्रदक्षिणा, नामदेव पायरीला डोके टेकवणे आणि कळसाला हात जोडणे एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांचा तो मुहूर्त. गाभाऱ्यात जाऊन पायांवर डोके ठेवायचे तर गोपाळपुरापर्यंत गेलेल्या रांगेत रात्र काढावी लागते. दर वर्षी येणारे जुने वारकरी या रांगेचा आग्रह धरत नाहीत. कळस दिसला म्हणजे देव भेटला, असे ते मानतात, आणि त्यात कसलीही तडजोड केल्याची भावना नसते. रांगेत नवखे, शहरी आणि थेट गाडीने आलेले लोक पुष्कळ असतात.

दुसरा मुहूर्त द्वादशीचा, आणि सर्वांत मोठी गर्दी याच दिवशी फुटते. तिसरा पौर्णिमेचा. फडांची आणि नेमाच्या दिंड्यांची मंडळी गोपाळपूरचा काला घेतल्याशिवाय हलत नाहीत. पौर्णिमेला संतांच्या पालख्या गोपाळपूरला जातात, तिथे काल्याचे कीर्तन होते, लाह्या-दह्याचा काला एकमेकांच्या तोंडात घातला जातो. ज्याची ओळखही नाही त्याच्या हातचा घास घ्यायचा, पाया पडायचे आणि निरोप घ्यायचा, अशी रीत आहे. या मंडळींच्या लेखी वारी इथे पुरी होते. दुसऱ्या दिवशी, वद्य प्रतिपदेला, पंढरपुरात महाद्वार काला होतो. तोवर रस्ते बरेच मोकळे झालेले असतात.

यांपैकी कोणता मुहूर्त धरायचा हे श्रद्धेपेक्षा शेत जास्त ठरवते. आषाढी जून अखेर ते जुलै अखेरच्या दरम्यान येते. मृगाचा पाऊस वेळेवर झाला असेल तर पेरणी करून माणूस वारीला निघालेला असतो, आणि त्याची पाठ फिरल्यावर सोयाबीन, कापूस, तूर उगवून वर आलेली असते. पिकाबरोबर तणही वर येते. पेरणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी कोळपणी-खुरपणी झाली नाही तर पुढचा सगळा खर्च वाढतो. म्हणून चाळिशी-पन्नाशीतला कर्ता शेतकरी द्वादशीला पहिल्या गाडीने घर गाठतो. पाऊस लांबला असेल तर याच्या उलट होते. पेरणी तशीच टाकून आलेला माणूस वारीभर आभाळाकडे बघत चालतो आणि गावाकडे पाऊस झाल्याचा फोन आला की एकादशीच्या रात्रीच निघतो. मागे राहतात ते साठी-सत्तरीचे लोक. शेत मुलांच्या हाती गेलेले, सुना घर बघणाऱ्या, घाई कशाचीच नाही. वारीनंतर पाहुण्यांकडे जाणारा वर्ग मुख्यतः हाच.

सामानाचा ट्रक आणि भिशी

दिंडीत माणसे पायी चालतात, पण त्यांचे बिऱ्हाड चाकांवर असते. राहुट्या, भांडी, शिधा, वळकट्या आणि पत्र्याच्या पेट्या घेऊन ट्रक पुढे जातो. प्रत्येकाने निघताना दिंडीकडे ठरावीक रक्कम भरलेली असते. तिला भिशी म्हणतात. तिच्यात दोन वेळचे जेवण, चहा, मुक्कामाची जागा आणि बहुतेक दिंड्यांत परतीच्या ट्रकमधली जागाही धरलेली असते.

परतीच्या ट्रकची भरणी हा पाहण्यासारखा प्रकार आहे. तळाला राहुट्यांचे खांब आणि ओल्या ताडपत्र्या, त्यांवर मोठी पातेली उपडी, मग शिध्याची उरलेली पोती, मग वळकट्या, आणि या सगळ्यावर माणसे. मृदंग मात्र खाली जात नाही. पावसात शाईला ओल लागली तर आवाज बसतो, म्हणून तो कापडात गुंडाळून कोणीतरी मांडीवर घेतो. वीणा विणेकऱ्याच्याच गळ्यात राहते. डोक्यावर तुळस घेऊन आलेल्या बायका वृंदावन केबिनमध्ये ठेवायला लावतात आणि चालकाला दहा वेळा बजावतात.

ज्यांना वाटेत कुठे उतरायचे आहे त्यांची वळकटी भरताना कडेला ठेवायची असते. हे सकाळीच सांगावे लागते. एकदा वळकटी तळाला गेली की ती गावातच निघते, आणि मग माणूस लेकीच्या गावी नेसत्या वस्त्रानिशी उतरतो. असे दर वर्षी प्रत्येक दिंडीत एकदोघांचे होतेच. ट्रकवर माणसे बसवून नेणे नियमाला धरून नाही आणि धोक्याचेही आहे. अलीकडे अनेक दिंड्या सामान ट्रकने आणि माणसे एसटीने पाठवतात. हा बदल उपदेशाने झाला नाही. तिकिटाच्या सवलतींनी तो घडवला.

चार तात्पुरती स्थानके

राज्य परिवहन महामंडळ आषाढीसाठी राज्यभरातून जादा गाड्या सोडते. २०२५ च्या यात्रेसाठी सुमारे ५,२०० गाड्यांचे नियोजन होते. एवढ्या गाड्या पंढरपूरच्या नेहमीच्या स्थानकात मावणे शक्यच नाही, म्हणून गावाबाहेर चार तात्पुरती स्थानके उभी राहतात. त्यांना चंद्रभागा, भीमा, विठ्ठल आणि पांडुरंग अशी नावे आहेत. गाडी कोणत्या दिशेची यावर तिचे स्थानक ठरते. मराठवाडा-विदर्भाकडच्या गाड्या भीमावरून, नाशिक-खानदेश-नगरकडच्या विठ्ठलवरून, अशी ढोबळ वाटणी असते. एखाद्या गावातून चाळीस किंवा अधिक प्रवासी एकत्र निघत असतील तर गाडी थेट गावातून सुटून गावालाच परत नेऊन सोडण्याची सोयही आहे.

स्थानकावरची व्यवस्था साधी आणि कामचलाऊ. चिखलात मुरूम टाकलेला, बांबूच्या कठड्यांच्या रांगा, मंडप, ध्वनिक्षेपकावर विभागांची नावे. खरी चौकशी चालते ती माणसांमार्फत. खाकी कपड्यातल्या कोणालाही गाठून म्हातारा विचारतो, "मास्तर, बार्शीची कंची?" मास्तर हात करतो त्या दिशेला अर्धी दिंडी चालू लागते. गाडी भरली की सुटते. वेळापत्रक नावाची गोष्ट द्वादशीला नसते, आणि ती नसते म्हणूनच गर्दी उपसली जाते.

तिकिटाच्या सवलतींनी परतीचा नकाशा बदलला. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना एसटीचा प्रवास मोफत झाला. ६५ ते ७५ वयोगटाला अर्धे तिकीट आहे. १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांनाही अर्धे तिकीट लागू झाले. पूर्वी परतीचे पैसे निघतानाच धोतराच्या सोग्यात नाहीतर चोळीच्या गाठीत बांधून ठेवत, आणि ते थेट गावाच्या तिकिटापुरतेच असत. वाट वाकडी करून लेकीकडे जायचे म्हणजे दोन तिकिटांचा हिशेब जुळवावा लागे. आता पंचाहत्तरीच्या आजोबांना शून्य रकमेचे तिकीट मिळते आणि आजींना अर्धे. पंढरपूरहून सोलापूर, तिथून तुळजापूर, मग उमरग्याला थोरली, परत येताना लातूरला धाकटी, असा फेरा घेतला तरी खिशाला झळ नाही. सवलत राज्याच्या हद्दीपुरती असल्याने सीमेपलीकडे लेक दिलेल्यांना पुढचे भाडे मोजावे लागते.

यासाठी एकच कागद जपावा लागतो, तो म्हणजे आधारकार्ड. वारीत तो पावसाने, घामाने आणि चंद्रभागेच्या स्नानाने भिजतो. अनुभवी लोक तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचे तोंड मेणबत्तीवर चिकटवून घेतात आणि ती पाकिटासारखी गळ्यात, तुळशीच्या माळेबरोबर अडकवतात.

रेल्वेने जाणाऱ्यांची वाट वेगळी. पंढरपूर हे कुर्डुवाडी-मिरज मार्गावरचे स्थानक. कुर्डुवाडीहून इथपर्यंतची गाडी १९०६ मध्ये बार्शी लाइट रेल्वेच्या अडीच फुटी अरुंद रुळांवर आली आणि जवळजवळ शतकभर त्याच रुळांवर चालली. आता मार्ग रुंद झाला आहे. आषाढीला नागपूर, अमरावती, खामगाव, भुसावळ या बाजूंनी विशेष गाड्या येतात. विदर्भ-खानदेशातल्या वारकऱ्यांना त्या सोयीच्या, पण रेल्वेने वाट वाकडी करता येत नाही. पुण्या-मुंबईला मुलगा असेल तर कुर्डुवाडीला गाडी बदलून जाता येते. आडगावच्या लेकीसाठी एसटीला पर्याय नाही.

पाहुण्याच्या दारात

वारीनंतर नातेवाइकांकडे जाण्याची कारणे भेटीच्या ओढीइतकीच व्यावहारिक असतात. शेतकरी कुटुंबातल्या वडीलधाऱ्यांना वर्षभर घर सोडता येत नाही. गुरे, शेत, नातवंडांची शाळा, काहीतरी अडतेच. वारीसाठी मात्र महिनाभराची मोकळीक घरच्यांनी धरलेलीच असते. तिच्यातले उरलेले आठ-दहा दिवस वापरून घेतले नाहीत तर पुन्हा वर्ष थांबावे लागते. वारीहून येताना नातलगांकडे जाण्याला कोणाची हरकतही नसते. एरवी लेकीकडे जास्त दिवस राहणे म्हाताऱ्या बापाला अवघड वाटते. पंढरपूरहून आलेल्या बापाला जावयाच्या घरी मानाचे स्थान मिळते.

काही भेटी जाताना, वाटेवरच झालेल्या असतात. पुण्यात पालख्यांचा दोन रात्रींचा मुक्काम असतो, तेव्हा हडपसर, भोसरी, पिंपरी-चिंचवडला राहणारी मुले दिंडीच्या मुक्कामावर येऊन जातात. फलटण, बारामती, इंदापूर, अकलूज या भागात ज्यांच्या सोयरिकी आहेत त्यांच्याकडे लेकी-बहिणी भाकरी बांधून मुक्कामाला येतात. पण त्या भेटीत निवांतपणा नसतो. पुढच्या टप्प्याची घाई, तंबूत शंभर माणसे, आणि चालणाऱ्याचे सगळे लक्ष पायाकडे. पोटभर बोलणे वारी संपल्यावरच होते.

पाहुण्याकडे रिकाम्या हाताने जात नाहीत. पंढरपुरातून निघताना जी खरेदी होते ती सगळी या भेटींच्या हिशेबाने. चुरमुरे, बत्तासे, पेढे, बुक्का, अष्टगंध आणि पंढरपुरी कुंकू हे सगळ्यांसाठी. लेकीसाठी बांगड्या, आणि त्या तिच्या मापाच्या असाव्यात म्हणून आईने गावाहूनच मापाची एक जुनी बांगडी बरोबर आणलेली. नातवाला छोटे टाळ नाहीतर पिपाणी. जावयाच्या घरी विठ्ठल-रखुमाईची तसबीर आधीच असेल तर तुळशीची माळ. चंद्रभागेचे पाणी बाटलीतून नेतात ते विहिणीच्या देव्हाऱ्यासाठी. जी विहीण वर्षभर बोलण्यात अंतर ठेवते तीही हे पाणी पदर पसरून घेते.

दारात पोचल्यावर पहिली गोष्ट पाय धुण्याची. लेक किंवा सून घंगाळातून गरम पाणी आणते, पाय धुते, कुंकू लावते, आणि घरातले सगळे, जावईसुद्धा, पाया पडतात. वारकऱ्याच्या पायाला वाटेतल्या संतांची धूळ लागलेली, असा त्यामागचा भाव. पायांची अवस्था मात्र भावाने सुधारत नाही. अडीचशे किलोमीटर चालून टाचांना भेगा पडलेल्या, अंगठ्याचे नख काळे झालेले, फोड फुटून सुकलेले असतात. खोबरेल तेल, हळद, रात्री पायाखाली उशी हे उपचार घरोघरी ठरलेले. मधुमेह असलेल्या माणसाच्या तळपायाची जखम मात्र घरगुती उपचारांवर सोडू नये. संवेदना कमी झालेली असल्याने त्याला दुखत नाही आणि जखम चिघळल्यावरच लक्षात येते. शहरातल्या मुलाकडे गेलेले अनेक वारकरी या निमित्ताने वर्षभर टाळलेली तपासणी करून घेतात. साखर, रक्तदाब, मोतिबिंदू. गोळ्या वारीत संपलेल्या असतात आणि दिंडीबरोबरच्या फिरत्या दवाखान्यात मिळालेल्या कागदाची घडी खिशात विरलेली असते.

देवालाही शिणवटा येतो असे पंढरपूरकर मानतात, आणि त्याची सोय वारकऱ्यापेक्षा नीट लावतात. यात्रेच्या दिवसांत मंदिर चोवीस तास उघडे असते, देवाचा पलंग काढून ठेवलेला असतो आणि उभ्या मूर्तीच्या पाठीशी टेकायला लोड लावलेला असतो. यात्रा ओसरल्यावर प्रक्षाळपूजा होते. गरम पाण्याने स्नान घालतात, औषधी वनस्पतींचा काढा देवाला दाखवतात, पलंग पुन्हा घालतात. त्यानंतर नित्योपचार सुरू होतात. वारकऱ्याचा काढा लेकीच्या चुलीवर होतो, एवढाच फरक.

सवय मोडायला चार-सहा दिवस लागतात. पहाटे तीनला जाग येते, अंघोळीची घाई सुटते, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात इतक्या लवकर उठून करायचे काय हा प्रश्न पडतो. म्हातारी माणसे अंधारात जिना उतरून आवारात फेऱ्या मारतात. रखवालदाराशी ओळख होते आणि तो परभणीकडचा निघतो. संध्याकाळी हरिपाठ सुरू केला की शेजारची दोन-चार माणसे येऊन बसतात. पुण्याच्या उपनगरांतल्या इमारतींत निम्मी बिऱ्हाडे सोलापूर, बीड, लातूर, नांदेडकडची असतात. आपल्या घरचा म्हातारा या वर्षी वारीला गेला नाही याची रुखरुख असलेले लोक दुसऱ्याच्या म्हाताऱ्याच्या पाया पडून जातात.

आखाड आणि माळकरी

आषाढाला खेड्यात आखाड म्हणतात आणि या महिन्याचे स्वतःचे एक खाणे आहे. तळण हा त्याचा मुख्य भाग. कापण्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, गूळ-कणकेचे तळलेले पदार्थ. ते माळकऱ्याला चालतात. अडचण पुढच्या पंगतीची आहे. श्रावण पाळणाऱ्या घरांत आषाढाचे शेवटचे पंधरा दिवस मटणाचे असतात. गावोगावी मरीआईची जत्रा याच महिन्यात होते, शहरात मित्रमंडळींच्या आखाड पार्ट्या होतात. नेमका त्याच वेळी गळ्यात माळ घातलेला पाहुणा दारात उभा राहतो.

यावर मराठी घरांनी काढलेली तोड पाहण्यासारखी आहे. बहुतेक ठिकाणी पाहुणा असेपर्यंत बेत पुढे ढकलला जातो, आणि तसे त्याला जाणवू देत नाहीत. काही घरांत माळकऱ्यासाठी एक पातेले, तवा आणि ताट वेगळे ठेवलेलेच असते. ते वर्षातून याच दिवसांत खाली निघते. कडक नेमाचे वारकरी परान्न न घेता कोरडा शिधा मागतात आणि स्वतः पिठले-भात करून घेतात. अशी माणसे आता कमी राहिली. माळ घातलेल्यांतही तारतम्य असते. कांदा-लसूण कोणी फक्त एकादशीला वर्ज्य करतो, कोणी चातुर्मासभर. आषाढी एकादशीलाच चातुर्मास सुरू झालेला असल्याने सुनेने हे पहिल्याच दिवशी विचारून घेणे शहाणपणाचे. न विचारता वाढले तर पाहुणा संकोचाने ताक-भातावर उठतो, आणि पुढे दोन वर्षे त्या घराची वाट टाळतो.

आखाडाचा दुसरा धागा लेकीशी जोडलेला आहे. लग्नानंतरचा पहिला आखाड नवी नवरी माहेरी काढते. सासू-सुनेने हा महिना एका छपराखाली काढू नये अशी समजूत त्यामागे सांगतात. पेरणीनंतरच्या कामांच्या रगाड्यातून नव्या सुनेची सुटका करणारी ही सोय आहे, असेही म्हणता येईल. पंढरपूरहून परतणारा बाप अशा लेकीच्या सासरी उतरतो तो तिला बरोबर घेऊन जाण्यासाठीच. पहिले वर्ष सरलेल्या लेकीचे येणे नागपंचमीला ठरलेले असते. द्वादशीपासून पंचमीपर्यंत साधारण तीन आठवडे जातात. तेवढ्यात दोन-तीन घरांच्या भेटी उरकून शेवटी लेकीला घेऊन गाव गाठायचे, हे गणित ज्यांना जमते ते वारी आणि मुऱ्हाळीपण एकाच फेरीत साधतात.

गावात पोचल्यावर

उशिरा येणाऱ्या वारकऱ्याचे स्वागत दिंडीबरोबर आलेल्यांइतके वाजतगाजत होत नाही. दिंडीचा ट्रक आला तेव्हा मारुतीच्या देवळापाशी टाळ वाजलेले असतात, बायकांनी ओवाळलेले असते. मागाहून आलेला आधी देवळात जाऊन नारळ फोडतो आणि मगच घरी जातो. वाटेत पाया पडणारे पडतातच.

प्रसाद वाटण्याचे काम मात्र त्याच्याही वाट्याला येते. पंढरपूरहून आणलेला पुडा पाहुण्यांकडे निम्मा झालेला असतो. उरलेला गावभर कसा पुरवायचा याची युक्ती सगळ्यांना ठाऊक आहे. गावातल्या दुकानातून पाच-सात शेर चुरमुरे आणायचे, परातीत ओतायचे, त्यांत पंढरीचे मूठभर चुरमुरे, बत्तासे आणि चिमूटभर बुक्का मिसळायचा. मिसळला की सगळाच प्रसाद. मग नातू घरोघरी वाटी-वाटी देऊन येतो. ज्यांना जमते ते मावंदे घालतात. काशीयात्रेनंतर जसे जेवण घालतात तसेच पंढरीच्या पहिल्या वारीनंतर किंवा एखादा नेम पुरा झाल्यावर. खीर-पोळी, रात्री कीर्तन, आणि दिंडीतल्या सोबत्यांना मानाची पहिली पंगत.

सोबती असे जमले की दिंडीचा हिशेब निघतो. भिशी किती जमली, शिधा किती लागला, ट्रकचे भाडे, वाटेत मिळालेल्या पंगतींमुळे वाचलेला किराणा. शिल्लक राहिली तर पुढच्या वर्षीच्या ताडपत्रीला. तूट आली तर विणेकरी आणि दोन-तीन सधन शेतकरी ती गुपचूप भरून काढतात.

मागे चालत जाणारे

एवढे सगळे लोक चाकांवर बसून पांगलेले असताना थोडी माणसे आल्या वाटेने पायीच परत चाललेली असतात. ज्ञानेश्वर महाराजांच्या पादुका पौर्णिमेला गोपाळपूरचा काला आणि विठ्ठलाची भेट आटोपून पंढरपूर सोडतात. परतीचे मुक्काम जाण्याच्या मुक्कामांहून कमी आणि टप्पे लांब. वेळापूर, नातेपुते, फलटण, वाल्हे, सासवड, हडपसर अशी मजल मारत आषाढ वद्य एकादशीच्या सुमारास पालखी आळंदीत पोचते. देहूची पालखीही त्याच सुमारास घरी येते. जाताना पालखीबरोबर लाखो असतात, परतीला त्यांतले मूठभर. त्यांत पालखीचे सेवेकरी, फडाचे नेमकरी आणि परतीची वारी कुळाचार म्हणून करणारे लोक. काही म्हणतात की माउलींना पोचवायला जायचे आणि आणायला कोणी नाही, हे बरे दिसत नाही.

शेगावची गजानन महाराजांची पालखी तर दोन्ही वाटा पायीच करते. जायला महिन्याहून अधिक लागतो. येताना बीड, जालना, सिंदखेडराजा, खामगाव अशी ती श्रावणात शेगावला पोचते. पांढऱ्या वेषातले वारकरी शिस्तीत ओळीने चालत असल्याने रस्त्यावरच्या वाहनांना ती लांबूनच दिसते.

परतीच्या वाटेवर जाण्याच्या वेळचा थाट नसतो. जाताना प्रत्येक मुक्कामावर टँकर, फिरती शौचालये, दवाखाने, पोलीस, वाहतुकीचे वळण आणि अन्नछत्रांची रांग लागलेली असते. येताना टप्पे लांब, पाऊस जास्त, अंधार लवकर, आणि शेजारून जड वाहने भरधाव जात असतात. संख्या कमी म्हणून गरज कमी असा हिशेब प्रशासनाने आणि मंडळांनीही धरलेला दिसतो. तो चुकीचा आहे. थोड्या माणसांच्या पायी मेळ्याला रस्त्यावरचा धोका उलट जास्त असतो, कारण मोठ्या पालखीसाठी वाहने थांबवली जातात, पन्नास माणसांसाठी कोणी थांबवत नाही. फलटण, वाल्हे, सासवड, हडपसर या पट्ट्यातली जी मंडळे जाताना हजारोंच्या पंगती उठवतात त्यांनी शिध्याचा लहानसा वाटा, एक टँकर आणि रात्रीच्या टप्प्यासाठी दिवे लावलेली एक गाडी पौर्णिमेनंतरच्या दहा दिवसांसाठी राखून ठेवावी. त्या वाटेवर तेवढे पुरते.